लाकडी लिंबू

"ह्या लिंबू आपसूक चलता," विराज म्हणाला. नेहमीसारखी मस्करी त्याच्या आवाजात नव्हती.

दहा वर्षांचा विराज आणि त्याची मोठी बहीण गौरजा तोंडवलीहून सुट्टीत मामाकडे सावंतवाडीला आले होते. राजवाडा, तलाव सगळं पाहून झालं होतं आणि चितारआळीतून हे लाकडी लिंबू घेतलं होतं. महादूमामाचं घर शहराबाहेर, जुन्या खाणीजवळ. खाण बंद पडल्यावर मामाने तिचा एक खड्डा मातीने बुजवला आणि त्यावरच झकास खोली बांधली. कुणा जाणकाराला विचारायचं? छे, मामाला सगळंच कळतं ना! त्याच खोलीत आता रुक्मिणीमामी दीड महिन्याच्या सलोनीला घेऊन झोपायची.

गौरजाने लिंबू पुन्हा दारात ठेवलं. ते घरंगळत मागच्या भिंतीला लागलं. काल ते भिंतीला लागेपर्यंत दहा आकडे मोजून झाले होते, आज चारच झाले. दारही घासत होतं. तोंडवलीत दर्याने किनारा खाल्ला, तेव्हा शेजारच्या घराचा उंबरा असाच आधी वाकडा झाला होता. मग घरच गेलं.

"मामा, खालची माती खचता हा."

मामाने भिंतीकडे बघून, जागा राखणाऱ्या अदृश्य देवाला जोडावेत तसे, हात जोडले. "माती नाय गो. खाणीचो राखणदार आसा थंय, नारळ मागता. उद्या गाऱ्हाणा घालूया."

उद्या! आत सलोनी कुरकुरत होती आणि भिंतीमागे माती गळल्याचा बारीक आवाज येत होता. मामा एकदा 'उद्या' म्हणाला की संपलं, हट्ट करून उपयोग नाही. गौरजाने आवाज खाली आणला.

"राखणदाराच्या जागेत बाळंतीण झोपता, ता चलता काय, मामा? तेका राग इलो तर?"

मामाचा चेहरा उतरला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"रुक्मिणी, उठ. चेडवाक घेऊन भायर ये. आत्ताच."

मामी सलोनीला घेऊन अंगणात आली, मागोमाग मामाने पाळणा आणला. विराज लिंबू घ्यायला वळला, तर गौरजाने त्याला कॉलर धरून मागे ओढलं. तेवढ्यात मागची भिंत खाली बसली. फरशी फाटली आणि पाळण्याची जागा काळ्या खड्ड्यात गेली. अंगणभर धूळ उडाली. सलोनी रडू लागली, आणि ते रडणं सगळ्यांना फार गोड वाटलं.

संध्याकाळी मामाने राखणदारासाठी आणलेला नारळ गौरजाच्या हातात दिला.

"माती खचता म्हणालंस, तेव्हाच ऐकूक होया होता. हो मान तुझो."

"आणि माझा लिंबू?" विराजने विचारलं.

मामा खड्ड्याकडे बघत राहिला. "ता रवांदे थंयच. तेना आपला काम केल्यान."