रोलरांमधली फट

देवापुढे दिवा लावून लिहिते आहे. यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

गेल्या चैत्रातला सोमवार, भर दुपार, डिचोलीतलं माझ्या बहिणीचं घर. घडलं ते तिच्या मुलाच्या, प्रज्योतच्या बाबतीत.

प्रज्योत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्ट काजूचे बोंडू चिरडून रस काढण्याच्या यंत्राचा. आधी एकदा परत आलेला. या वेळी लॅपटॉपवरच्या चित्रात सगळे भाग नीट जुळले नाहीत, तर वर्ष गेलंच.

मापं त्याने आणि जोडीदारीण सेजलने लाटंबार्सेच्या गोकुळदासांच्या जुन्या यंत्रावरून घेतली होती. ऐन हंगामात ते ताडपत्रीखाली पडून होतं.

“मापां घेयात बाबा, पण फिरवूं नाकात,” गोकुळदास म्हणाले होते.

पण न फिरवता रोलरांमधली फट सगळीकडे सारखी आहे का, कळणार कसं? म्हातारा चहा सांगायला आत वळला, आणि सेजलने दांडा फिरवला.

एकच फेरा.

त्या सोमवारी प्रज्योत सकाळपासून वैतागलेला. एकेक भाग बरोबर. एकत्र बसवले की लाल खूण...

म्हणजे रोलर कशात तरी घुसतोय. पण कशात?

फटीत तर काहीच नव्हतं.

त्याने रोलर पुसून नव्याने काढला. पुन्हा लाल. लॅपटॉप बंद करून सुरू केला. पुन्हा लाल.

“सेजले, फाइलीत कायतरी घातलंस?” त्याने फोनवर विचारलं.

“माझाच शाफ्ट अजून जाग्यार ना. तुझ्या फाइलीत मी कित्याक मरूं?”

त्याने लाल भाग मोठा करून पाहिला...

चार लांबट तुकडे. शेजारी शेजारी. टोकाला नखासारखा उंचवटा.

डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येईना. आला तो दुसराच... कर्र... कर्र... ओलं काही चिरडल्यासारखा.

लॅपटॉपचा आवाज तर बंद होता.

चडफडत, घाबरत त्याने चित्रात रोलरांपुढे जाळी आखली. हात आत जाऊच नये अशी.

लाल खूण गेली.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, “ही जाळी कित्याक? बोंडू खंय घालतलो, तुझ्या माथ्यार?” जाळी पुसायला लावली. खूण परत आली, तर म्हणाले, “सॉफ्टवेअराची खोड ती. यंत्र बनव आणि चालवून दाखव. मगच पास.”

मी त्याच्यासाठी शनिवारही धरला. थोड्या दिवसांनी पोथी वाचत होते, तोच कॉलेजच्या वर्कशॉपातून त्याचा फोन.

“मावशी, रोलर बसनात. फिटर म्हणता, मधीं कायतरी अडकतां.”

“काय अडकतंय रे?”

त्याने आवाज उतरवला.

“कांयच ना गे. आणि सर म्हणतात, हात घालून बघ.”

मी त्याला माझी शपथ घातली. हात त्याने घातला नाही.

वर्ष गेलं.

यंत्र अजून वर्कशॉपात उभं आहे. यंदा दुसऱ्या मुलांना दिलंय म्हणे... फट कमी करायला.