रक्ताला उतार हवा

‘अगस्ती’ यान मंगळाहून परतत होतं, पृथ्वी अजून पाच महिने दूर होती, आणि नेमकं तेव्हाच यानचालक हणमंत बारटक्केच्या डाव्या कानातली गाठ हाड पोखरू लागली. यानात माणसं तीनच. पण वजनहीनतेत कानाचं काय होतं, हे अभ्यासायला आलेली डॉ. कुमुद शिरोडकर कानाची सर्जन होती आणि तिच्याबरोबरचे डॉ. शकील तांबोळी भूलतज्ज्ञ. तेवढं हणमंताचं नशीब बलवत्तर.

कुमुदनं कानाचं अंतर्चित्र पडद्यावर मोठं केलं. “ही चेहऱ्याची नस. गाठ तिला टेकली आहे. थांबलो तर आधी अर्धा चेहरा लुळा पडेल, मग गाठ मेंदूकडे सरकेल.”

“मग काढा की, ताई. नाही कोण म्हणतंय?” हणमंत म्हणाला.

“काढीन, पण दिसलं तर ना! सूक्ष्मदर्शकाखाली मोहरीएवढा रक्ताचा थेंब तळ्याएवढा होतो. त्या तळ्यात नस कापली गेली, तर संपलंच.”

शकीलनं सुस्कारा सोडला. “मिरजेत असतो तर काळजी नव्हती. तासभर आधी पूर्वभूल द्यायची. साधी गोळी, पण भीती जाते, नाडी संथ होते. मग शिरेतून भूल, रक्तदाब बेतानं उतरवायचा, आणि खाटेचं डोकं वर करायचं. रक्त उतारानं छातीकडे परततं, कान कोरडा राहतो.”

“मग इथं काय अडलंय?”

“गोळी आहे, भूल आहे. उतार कुठून आणू? वजनच नाही, तर वर काय आणि खाली काय! सगळं रक्त डोक्यात साचतंय. तोंडं बघा आपली, पुरीसारखी फुगलीत.”

“उतार मी देतो,” हणमंत म्हणाला. “यान भोवऱ्यासारखं फिरवतो. माझं डोकं मधल्या आसाकडे ठेवा, पाय बाहेरच्या भिंतीकडे. फिरण्यानं वजनासारखा भार तयार होईल, रक्त मुकाट्यानं पायांकडे जाईल.”

“अहो, यान किती आखूड आहे! पुरेसा भार हवा तर गरगर फिरवावं लागेल. अशा जागी मान जरा वळवली की कानातलं तोलेंद्रिय गोंधळतं, आणि माणूस ओकून ओकून आडवा होतो. मी एक वेळ स्वतःला बांधून घेईन. कुमुदताईंना सारखी मान वळवायची आहे. त्यांना उलटीचं औषध द्यावं, तर नजर धूसर. उतार मिळेल आणि सर्जन जाईल. भीक नको पण कुत्रं आवर!”

कुमुदनं पडद्यावरच्या नसेवर बोट टेकवलं. मग म्हणाली, “फिरवा.”

“ताई, पण...”

“मला काही होणार नाही, शकीलभाई. फिरवा म्हणते ना!”

हणमंतानं पूर्वभूल घेतली. थोड्या वेळानं नाडी संथ झाली तसा तो हसला. “ही गोळी मला लग्नाच्या दिवशी का नाही दिली कोणी?” यानाला फिरण्याच्या आणि थांबण्याच्या आज्ञा त्यानं आधीच देऊन ठेवल्या होत्या. शकीलनं शिरेतून भूल दिल्यावर तो झोपला आणि यान फिरू लागलं.

शकीलनं डोकं खुर्चीला आवळून बांधलं होतं, तरी पिशवी तोंडाला लावावीच लागली. कुमुद मात्र पडद्याकडे वळत होती, अवजारांकडे वळत होती, घरच्या स्वयंपाकघरात वावरावं तशी. नसेवरून गाठीचा पापुद्रा सोलताना एक बारीक वाहिनी फुटली. थेंब फुगला, उताराला लागला आणि नसेपासून दूर ओघळून गेला. नस तिथं स्वच्छ, पांढरी दिसत होती. कुमुदनं शेवटचा पापुद्रा उचलला.

यान थांबल्यावर पांढराफटक पडलेला शकील म्हणाला, “ताई, कोणतं औषध घेतलंत? मलाही नाव सांगा.”

“ताप,” कुमुद म्हणाली. “चार वर्षांची असताना मेंदूज्वर झाला. दोन्ही कान गेले. ऐकू येतं ते या रोवलेल्या कर्णयंत्रामुळे, ते तुम्हाला माहीतच आहे. पण तोलेंद्रिय ऐकण्याच्या शेजारीच असतं. तेही त्याच तापात गेलं. अंधारात मी भिंत धरून चालते. आता जे नाहीच, ते गोंधळणार कसं?”

शकीलनं कपाळावर हात मारला. “रोज ते यंत्र बघतो मी! आणि ही गोष्ट डोक्यात येऊ नये?”

“आईला सांगायला हवं,” कुमुद हळूच म्हणाली. “मला दवाखान्यात वेळेवर नेलं नाही, म्हणून ती अजून स्वतःला खाते.”

हणमंत जागा होऊन ऐकत होता. हसला, तेव्हा ओठांची दोन्ही टोकं सारखी वर गेली. ते बघून कुमुदच्या डोळ्यांत पाणीच आलं. “कॅमेरा लावा, ताई,” तो म्हणाला. “काकूंना मी सांगतो.”

डोक्याला पट्टी बांधलेला तो कॅमेऱ्यासमोर हात जोडून बोलला, “काकू, मी हणमंत. तुमच्या लेकीला ताप आला नसता, तर आज माझं तोंड वाकडं झालं असतं, पुढं जीवही गेला असता. त्या तापापायी तुम्ही फार सोसलंत. तुमचे उपकार मी कधी विसरणार नाही. आता स्वतःला दोष देऊ नका.”

पृथ्वीवरून उत्तर यायला वेळ लागला. पडद्यावर म्हातारीनं आधी पदरानं डोळे पुसले, मग नाक पुसलं.

“बाळा, सुखी राहा,” ती म्हणाली. “पण कुमे, इतकी वर्षं त्या तापावरून मी देवाला फैलावर घेत आले गं. आता त्याला तोंड कसं दाखवू?”