होडी वळेचना!

"अहो, थांबा! उडी मारू नका, होडी वळत नाहीये माझी!"

मी ओरडेपर्यंत तो होडीत येऊन आदळलासुद्धा. कमरेला पांढरंशुभ्र, कडक इस्त्रीचं मुंडू, अत्तराचा घमघमाट आणि हातात हलव्याचा पुडा. धक्का मागे पडला आणि आम्ही दोघं ओहोटीबरोबर भलतीकडेच निघालो. मी स्टिअरिंगच्या चाकाशी झोंबत होते, पण ते मेलं तसूभर हलेल तर शपथ!

"मला पलीकडे वैपिनला जायचंय," तो म्हणाला.

"सध्या समुद्रात चाललोय. चालेल?"

तो हसला. चांगला हसत होता, खोटं कशाला बोलू!

मी इंजिन बंद करून नांगर टाकला. अप्पच्चनचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, गुडघे धरल्यापासून उतारूंची ही होडी मीच चालवते. चाक रोज थोडं थोडं जड होत होतं, आज साफ रुसलं.

"चाकच अडलंय की मागचं इंजिन?" त्याने विचारलं.

"ते माहीत असतं, तर तुमच्याशी गप्पा मारत बसले असते का?"

"बसला असतात... कदाचित."

काय आगाऊ माणूस! पण त्याचा प्रश्न मात्र बरोबर होता, आणि मलाही आता बघितल्याशिवाय चैन पडेना. चाकापासून मागे एक जाड तार जाते. तिच्या टोकाचा दांडा इंजिनाच्या नळीतून आत-बाहेर सरकतो आणि इंजिन वळवतो. मी पाना घेऊन दांडा इंजिनापासून सोडवला. त्याने इंजिन हाताने ढकललं, तर ते झोपाळ्यासारखं झुललं! चाक मात्र ढिम्म.

"म्हणजे दांडाच नळीत चिकटलाय!" आम्ही दोघं एकदमच बोललो.

नळीच्या तोंडाशी तपकिरी चिकटा थिजला होता. हुंगायला तो वाकला, मीही वाकले... डोक्यावर डोकं आपटलं.

"तारली माशाचं तेल!" तो कपाळ चोळत म्हणाला. "इथे कोणी ओतलं?"

"अप्पच्चन! दुसरं कोण? होडीच्या फळ्यांना लावतात ना, वाळून कडक व्हावं म्हणून..."

"मग झालं की नळीतही कडक."

"माझ्या वडिलांना हसायचं नाही हं!"

"छे! माझ्या अम्मच्चीने, आजीने, शिलाई मशीनमध्ये ओतलं होतं. महिनाभर आमच्या दारात फक्त मांजरं यायची."

मी इतकी हसले की होडी डुलायला लागली.

इंजिनाचंच रॉकेल नळीत सोडलं आणि ते मुरेपर्यंत बसून राहिलो. त्याचं नाव क्लीटस. शेजारच्या बेटावर त्याची छोटीशी बेकरी होती. माझं नाव त्याने स्वतःहून विचारलं. जोस्मी, मी म्हणाले.

"आणि हलवा कोणासाठी?" मी सहज विचारलं. म्हणजे... सहज असं काही नव्हतं ते.

"मुलगी बघायला चाललोय."

मी उगाच पाना पुसू लागले.

"कशी आहे?"

"कोण जाणे. फोटोत मान खाली घातलीय."

मी लाकडाने दांड्यावर ठोके मारले. जरा जास्तच जोरात. दांडा कुरकुरला, सरकला, बाहेर आला! चिंध्या संपल्या, तर क्लीटसने सरळ मुंडूच्या टोकाने तो पुसायला घेतला.

"अहो, अहो! मुलगी बघायला जाताय ना?"

"जात होतो..." माझ्याकडे न बघता तो म्हणाला.

मी दांड्याला ग्रीस लावून सगळं जोडलं. चाक एका बोटाने फिरायला लागलं आणि मला रडूच यायला लागलं. आता याला पोचवावं लागणार!

"जोस्मी, होडी मागे वळवाल? मला नाही जायचं तिकडे."

किती वाटलं, वळवावी! पण मी चाक घट्ट धरलं.

"नाही. ती सकाळपासून साडी नेसून वाट बघत असेल. काय सांगायचं ते तिला समोर जाऊन सांगा."

वैपिनच्या धक्क्यावर उतरताना तो एवढंच म्हणाला, "थांबाल?"

"उतारू आले तर निघेन," मी तोऱ्यात म्हणाले.

रोज माझ्याच होडीने जाणारी फिलोचेच्ची टोपली घेऊन लगेच आली. मी म्हणाले, होडी बिघडलीय. तिच्यामागून आणखी दोघं आले, त्यांनाही तेच. तिघंही पुलाकडे चालत गेले. मी आपली त्या वाटेकडे डोळे लावून बसले. तिला तो आवडला तर? त्याला ती आवडली तर?

तो आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

"आवडली?" तो होडीजवळ येण्याआधीच मी विचारलं.

"छान आहे. मी तिला खरं ते सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, मलाही आत्ता लग्न नकोच होतं. तिच्या वडिलांची बोलणी मात्र पोटभर खाल्ली." तो धक्क्याच्या कडेला उभा राहिला. "मला तुम्ही आवडलात, जोस्मी. आता... तुमचं काय?"

काय सांगू! गाल नुसते तापले होते.

"माझं? देवमाणूस फिलोचेच्चीशी धडधडीत खोटं बोललेय मी तुमच्यासाठी. रविवारी चर्चमध्ये फादरपुढे कबुली द्यावी लागणार. या आता... बसा होडीत. अप्पच्चन घरीच आहेत."