टपावरच्या दोन थापा

ही गोष्ट मी रचलेली नाही. मला रचता येतच नाही. देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत मी क्लार्क आहे. जन्मतारखा, दाखले, हजेऱ्या... आयुष्यभर जे आहे तेच लिहीत आलोय. खोटं वाटलं तर खुशाल वाटू द्या. फक्त "मग पुढे काय झालं?" असं विचारू नका. ते अजून चालूच आहे.

तारीख सांगतो. रविवार, १९ नोव्हेंबर २०२३. वेळ दुपारी सव्वाचार. जागा घोटीच्या बाजाराबाहेर, रस्त्याच्या कडेला.

लख्ख ऊन होतं. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांना माझा नमस्कार.

आधी गाडीचं सांगतो.

आम्ही जुनी पिकअप घेतली होती. दोन लाख शहाऐंशी हजार किलोमीटर पळालेली. पुढे केबिन, मागे माल भरायचा उघडा हौदा. शाळेत टिंगल व्हायची ती झालीच. शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळे विचारायचे, "काय भाऊसाहेब, टोमॅटो कसा दिला?" मी हसून घ्यायचो. रविवारी फिरायला जायचं तर लोक कार घेतात, ही कसली हौस, असं सासऱ्यांनीही विचारलं.

खरं कारण कोणालाच सांगितलं नव्हतं. इथे सांगतो.

आमची मुलगी, दिशा. एकदा गणपती विसर्जनाला गल्लीतल्या पोरांबरोबर टेम्पोत मागे बसली आणि तिला वेडच लागलं. पप्पा, मागून उघडी गाडी घेऊ. दर रविवारी जाऊ. मी मागे बसणार, तुम्ही दोघं पुढे. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी.

असं मी तीन वर्षं म्हणालो.

सप्टेंबर २०२२ मध्ये तिला डेंगू झाला. पाच दिवसांत सगळं संपलं. नऊ वर्षांची होती.

त्यानंतर मनीषाला, माझ्या बायकोला, रविवारी घर खायला उठायचं. सकाळीच चप्पल घालून दारात बसायची. कुठे जायचं हे तिलाही माहीत नसायचं. एक दिवस तीच म्हणाली, ती गाडी घेऊन टाकू. कोणती, हे मी विचारलं नाही.

गाडी वणीच्या जयरामची होती. वणी-दिंडोरीकडच्या वस्त्यांवरून भाजी भरायची आणि नाशिकच्या मार्केटला उतरवायची, यात त्याची सहा वर्षं गेलेली. इंजिन ठणठणीत होतं. मग विकतोयस का, विचारलं तर म्हणाला, कंटाळा आला. ताबा देताना त्याने गाडी चालवून दाखवली. चावी फिरवली, इंजिन सुरू झालं...

आणि तो नुसता बसून राहिला. गिअर टाकेना.

मी विचारलं, काय झालं?

"काय नाय," तो म्हणाला. "सवय."

मग निघाला.

त्या रविवारी आम्ही पहिल्यांदा बाहेर पडलो. भावली धरण पाहिलं. पाहिलं म्हणजे दोघं दोन दिशांना तोंड करून बसलो. परतताना घोटीला चहा घेतला. गाडीत बसलो. मी चावी फिरवली.

थाप... थाप.

डोक्याच्या बरोबर वर. केबिनच्या टपावर. उघड्या तळहाताने मारलेली.

आमच्या भागातल्या कोणालाही ही खूण कळते. मागे माल धरून बसलेला माणूस टपावर थाप मारतो. एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे चल.

मी उतरून मागे गेलो.

हौद्यात ताडपत्रीची घडी. पाण्याचा कॅन.

बाकी कोणी नाही.

मनाशी म्हटलं, तोफा असतील. कॅम्पात राहणाऱ्याला दणके नवे नाहीत. लष्कराचा सराव चालू असला की आमच्या खिडक्या हलतात. पण घोटीत कुठली आलीय तोफ...

परत येऊन बसलो. मनीषाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. चौदा महिन्यांनी हसत होती.

"चला ना," ती म्हणाली. "मागे बसलीय ती."

त्यानंतर दर वेळी थापा पडायच्या. चावी फिरवली की दोन थापा. मी घाबरून अर्धा झालो आणि मनीषा सुधारत गेली. तिने हौद्यात गादी घातली. वर गोधडी. शनिवारी रात्रीच डबा भरायला घ्यायची, तोही तिघांचा. मी जोरात ब्रेक मारला की मागच्या काचेकडे वळून म्हणायची, धरून बस गं.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. थाप जड होती. दिशाचा हात टपापर्यंत पोचला असता, तरी असा आवाज निघाला नसता. हा हात भाजीचे कॅरेट उचलणाऱ्या माणसाचा होता.

आणि दुसरं असं की, एक थाप कधीच पडली नाही. नेहमी दोनच. चल, चल. कुठेही थांब नाही.

मनीषाला मी यातलं काही बोललो नाही. तिच्या तोंडचा घास काढून घ्यायला जीव धजेना.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, १४ जानेवारीला, आम्ही वणीच्या गडावर जायला निघालो. आम्ही घेतल्यापासून त्या रस्त्याला गाडी पहिल्यांदाच जात होती. दिंडोरी मागे पडलं. सकाळचे साडेआठ वाजले असतील. थंडी होती, ऊन नुकतंच वर आलं होतं. डाव्या हाताला द्राक्षबाग लागली. तिच्या कडेने एक कच्चा रस्ता आत जात होता. फाटा जवळ आला आणि...

थाप.

एकच.

मी ब्रेक दाबला. आत तीन-चार घरं दिसत होती. फाट्यावर चिटपाखरू नव्हतं.

"इथे काय बघायचंय हिला?" मनीषा पुटपुटली.

परत एक थाप. मग जरा थांबून आणखी एक. घाईला आलेल्या माणसाची.

तेवढ्यात वस्तीकडून एक म्हातारी येताना दिसली. अनवाणी, जवळजवळ पळतच. आमच्याकडे तिने पाहिलंही नाही. बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाली, जयरामची गाडी ना ही? आम्ही दोघं खाली उतरलो; मी म्हटलं, आता आमची आहे.

तिचं नाव भागीबाई. उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं.

तिचा एकुलता एक मुलगा, गोटीराम. तो जयरामच्या गाडीवर माल धरायला असायचा. पहाटे मार्केटला जायचं, माल उतरवायचा, सकाळी परत. केबिनमध्ये त्याला गुदमरायचं, म्हणून कायम मागे. फाटा आला की टपावर एक थाप मारायचा. जयराम थांबायचा. हा उडी टाकून घरी. सहा वर्षं असंच चाललं.

गेल्या चैत्रात एका सकाळी फाट्यावर थाप पडली नाही.

जयरामला वाटलं, याचं वणीच्या बाजारात काही काम असेल. तो तसाच पुढे गेला. वणीत गाडी लावून त्याने हौद्याचा मागचा फाळका उघडला. गोटीराम रिकाम्या कॅरेटांना टेकून बसलेला होता. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं. वाटेतच कुठेतरी.

"मी इथंच हुबी व्हते," भागीबाई म्हणाली. "गाडी माझ्या डोळ्याम्होरून गेली. मी हात केला, पर ती थांबलीच नाय."

मनीषाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

भागीबाई मागे गेली. फाळका तिने स्वतःच्या हाताने उघडला. आमच्या गादीकडे, गोधडीकडे क्षणभर पाहिलं. मग अगदी साध्या आवाजात बोलली.

"गोटीराम. घर आलं बाबा. उतर आता."

काहीच झालं नाही.

मग मागच्या स्प्रिंगचे पाटे कुरकुरले... आणि हौदा बोटभर वर आला. भार उतरला की येतो तसा. माझा हात गाडीवरच होता. मला ते हातात कळलं.

म्हातारी डोळे पुसत वळली तर समोर मनीषा. काय ओळखायचं ते भागीबाईने ओळखलं असावं. तिने विचारलं, तुझं कोण राहिलंय? मनीषा म्हणाली, मुलगी. कुठं? दवाखान्यात.

"मंग जाऊन आन की तिला. पर नाव घेऊन बोलव. नाव घेतल्याबिगर त्यांना कळत नाय, कोनाला हाक मारली ते."

एवढं बोलून ती वस्तीकडे चालू लागली. अर्ध्या रस्त्यात बाजूला सरकली, सोबत कोणी चालत असलं की आपण जागा देतो तेवढी.

गडावर आम्ही गेलो नाही. गाडी वळवण्याआधी मी चावी फिरवली आणि थांबलो. मलाही सवय झाली होती.

थाप पडली नाही.

"काढा गाडी," मनीषा म्हणाली.

घरी आल्यावर ती उतरून सरळ मागे गेली. हौद्यातली गोधडी काढून घरात नेली आणि दोन दिवस तिच्यात तोंड खुपसून पडून राहिली. मला वाटलं, मुलगी दुसऱ्यांदा गेली आमची.

पुढचा शनिवार, २० जानेवारी. दुपारी मनीषा तयार होऊन बसली होती. कुठे जायचं ते तिने सांगितलं.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. नाशिकमध्येच आहे. चारची वेळ, भेटायला येणाऱ्यांची गर्दी. नारळपाणीवाला, रिक्षा, डबे घेऊन आलेली माणसं. मी गाडी फाटकाजवळ लावली. त्याच फाटकातून तिला घेऊन आम्ही आत पळालो होतो.

मनीषाने फाळका उघडला. तोंड उघडलं.

नाव येईना.

सोळा महिन्यांत ते नाव आमच्या घरात उच्चारलं गेलेलं नव्हतं. मी इथे लिहिलं, पण लिहिणं वेगळं. ते तिच्याही तोंडून निघालं नाही आणि माझ्याही. तिने तीनदा प्रयत्न केला. ओठ नुसते हलले. शेवटी एवढंच निघालं:

"चल... घरी जायचं."

हौदा दबला.

मी सुटकेचा श्वास घेणार... तोच तो परत दबला.

मग परत.



भरल्या कॅरेटांनी बसावी तशी गाडी मागून बसली. बाजूने माणसं चालली होती. कोणाचं लक्ष नव्हतं. मनीषा धावत येऊन शेजारी बसली. मी चावी फिरवली.

थाप थाप.

मग आणखी दोन थापा, थरथरत्या हाताच्या. मग आणखी दोन, बांगड्या वाजवत पडलेल्या.

"आली," मनीषा म्हणाली. "ऐकलंत ना?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

द्वारका चौकात एक थाप पडली. मी थांबलो. मागचे हॉर्न वाजवत शिव्या देत गेले. गाडी थोडी वर आली. उपनगर नाक्याला एक. पुन्हा थांबलो. नाशिक रोडला चौकाच्या पुढे बांगड्यांची एक. मनीषा म्हणत होती, बघू द्या हो तिला, किती दिवसांनी बाहेर पडलीय.

कॅम्पात आमच्या गल्लीत शिरलो तेव्हा हौदा खड्ड्यांवरून खडखडत उडत होता. रिकामी गाडी कशी चालते, ते चालवणाऱ्याला समजतं.

दाराशी इंजिन बंद केलं. वाट पाहिली.

काहीच नाही.

मनीषा उतरली. फाळका उघडून तिने दोन्ही हात पुढे केले. लहान मूल उतरवून घ्यायला करतो तसे. किती वेळ ती तशीच उभी होती. शेजारच्या काकू बाहेर आल्या आणि पाहून परत आत गेल्या.

तेव्हापासून दर शनिवारी आम्ही तिथे जातो. मनीषा हाक मारते, तेवढीच, बिननावाची. ते येऊन बसतात. ते कोण, मला माहीत नाही. त्यांना न्यायला कोणी आलं नसेल, एवढं कळतं. थाप पडली की मी थांबतो. एकदा पार भगूरच्या पुढे जावं लागलं. आणि घराशी आलं की मनीषा म्हणते, लाजते ती, पुढच्या शनिवारी उतरेल.

तुम्ही म्हणाल, भाऊसाहेब, ती घेत नाही तर नाव तुम्ही घ्या. दोन अक्षरं तर आहेत.

फाटकापाशी उभा असतो तेव्हा ती दोन अक्षरं माझ्या जिभेवर असतात. मी गिळून टाकतो. आज निदान एवढं म्हणता येतं की, आपण नावाने बोलावलंच नाही, म्हणून ती आली नाही.

नाव घेऊन हाक मारली... आणि तरी थाप पडली नाही, तर मनीषाला मी काय सांगू?