सर्व्हर रूम थंड पडली आहे

दिवा चालू राहू दे, पण तो मोबाईल बंद करून ठेव. मध्येच वाजला तर माझीच पाचावर धारण बसेल.

ही माझ्या भाच्याची गोष्ट. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. तो एका मोठ्या इस्पितळात कॉम्प्युटरचं काम बघतो. पेशंटांचे सगळे रिपोर्ट ज्या यंत्रांत असतात, ते सर्व्हर त्याच्या ताब्यात. पूर्वी सर्व्हर रात्री बंद पडला, तर सकाळी डॉक्टरांच्या शिव्या खाऊनच कळायचं. मग याने व्यवस्था लावली. यंत्र थकलं, त्यातली जागा भरत आली, खोली तापली किंवा गारठली, की याच्या मोबाईलवर आपोआप निरोप आणि कानठळ्या बसवणारा भोंगा.

"मामा, आता रात्री निवांत घरी झोपता येईल," म्हणाला.

घरी राहायची त्याला ओढ होतीच. मुलगी झाली होती, तीही दिवस भरायच्या दीड महिना आधी. एवढीशी पोर, तळहातावर मावेल अशी. थंडी हिला सोसणार नाही, असं डॉक्टरांनी चार-चारदा बजावलं होतं. भाच्याने तर त्या धसक्याने झोपच सोडली होती.

तर डिसेंबरातला दुसरा शनिवार. सर्व्हर रूमसाठी तापमान मोजणारी डबी आणायला तो दुकानात गेला. काडेपेटीएवढी असते ती. तिथे त्याला वाटलं, पोरीलाही एक घ्यावी. एक डबी सर्व्हर रूमच्या भिंतीला लागली, दुसरी घरी पाळण्याच्या कठड्याला. पहिलीची मोबाईलमधली मांडणी, निरोप-भोंग्यासकट, जशीच्या तशी उतरवून दुसरीला दिली, काम फत्ते, आणि स्वारी खुशीत जेवायला बसली.

बायको आणि बाळ आतल्या खोलीत झोपले. हा भोंग्यापायी बाहेरच्या खोलीत.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी भोंगा झाला. 'सर्व्हर रूम थंड पडली आहे. बारा अंश.'

म्हणजे एसी बिघडला. आता यंत्रांवर पाणी धरणार. त्याने कपडे चढवले. पोर जागी होईल म्हणून आतलं दार उघडलं नाही, नुसता दारावर हात ठेवला. दार गार लागलं. थंडीचे दिवसच होते, त्याने मनावर घेतलं नाही.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. इस्पितळाच्या तळघरात जाऊन त्याने सर्व्हर रूम उघडली. पंखे घुमत होते. यंत्रांवरचे हिरवे दिवे लुकलुकत होते. खोली चांगली उबदार. एसीवर आकडा बावीस.

मोबाईल वाजला. 'सर्व्हर रूम थंड पडली आहे. आठ अंश.'

"डबीला वेड लागलंय," तो स्वतःशीच म्हणाला. भिंतीवरची डबी काढून त्याने मुठीत धरली. आता आकडा चढायला हवा.

'सहा अंश.'

तेव्हा कुठे त्याने निरोपाखालचा बारीक क्रमांक पाहिला. तो मुठीतल्या डबीचा नव्हता. घरच्या डबीचा होता. मांडणी उतरवताना क्रमांक बदलला होता, वरचं नाव बदलायचं राहून गेलं होतं.

कसाबसा त्याने बायकोला फोन लावला.

"काय रे? कुठे गेलास तू?" झोपेतला आवाज.

"खिडकी उघडी आहे का? हीटर बंद पडलाय?"

"नाही रे. हीटर चालू आहे. मला तर घाम फुटलाय."

"बाळ?"

"झोपलंय. पाळण्यात."

"ऊठ. पाळण्यात हात घालून बघ."

पलंग करकरला. पावलं. मग पावलं थांबली…

"अगं?"

श्वास ऐकू येत होता. तिचाच असावा.

"बोल ना… हात लाव तिला…"

"लावते रे…" ती अगदी हळू म्हणाली. "पण हात… हात आत जात नाहीये…"

"म्हणजे?"

"पाळण्यात जागाच नाहीये…"

फोन कट झाला.

'चार अंश.'

तो धावला. गाडी कशी चालवली, त्याला आजही सांगता येत नाही. खिशात भोंगा वाजतच होता. घराच्या जिन्यात पाय ठेवला… आणि भोंगा थांबला. शेवटचा निरोप आला.

'सर्व्हर रूम ठीक आहे. सव्वीस अंश.'

त्या निरोपाने तो जास्त घाबरला. उरलेल्या पायऱ्या तो धावतच चढला. दार उघडून आत गेला. हीटर चालू होता. बायको कोपऱ्यात जमिनीवर बसलेली. पोरीला छातीशी घट्ट धरलेलं. पोर जिवंत होती. जागी होती. रडत नव्हती. टक लावून रिकाम्या पाळण्याकडे बघत होती.

हाताला काय लागलं, ते बायकोने आजवर सांगितलेलं नाही. मी एकदा विचारलं. ती उठून निघून गेली. पाळणा त्यांनी दुसऱ्याच दिवशी मोडून टाकला.

पोर आता तीन वर्षांची आहे. दणकट आहे, दिवसभर हुंदडते. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासलं, त्यांना काही सापडलं नाही. परवा भर उन्हात रस्ता ओलांडताना तिने माझं बोट धरलं. डाव्या हाताने. मी दचकलो. मग तो हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. घरी येईपर्यंत चोळत होतो.

तरीही गारच होता.