ऊठ, पाणी पी

माझाच आवाज मला एका परक्या माणसाच्या लॅपटॉपमधून ऐकू आला, तेव्हा मला तोंडातून एक शब्दही काढायची परवानगी नव्हती.

घशाच्या डॉक्टरांकडून नुकतीच बाहेर आले होते. हातातल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं — पंधरा दिवस पूर्ण मौन, कुजबुजही नाही. औषधं मिळेपर्यंत बाकावर टेकले, आणि शेजारून आवाज आला...

“ऊठ आता. पाणी पी. किती वेळ बसणार?”

मी दचकून वळले. शेजारचा तरुण घाईघाईनं लॅपटॉपचा आवाज कमी करत होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“माफ करा हं,” तो म्हणाला. “ही माझी बाई. दोन वर्षं हिच्या धाकात आहे. आईचंसुद्धा कधी इतकं ऐकलं नाही.”

ती बाई म्हणजे मीच होते.

कामावरून घरी आले की संगणकावर, लिनक्स प्रणालीत, छोटे छोटे प्रोग्राम लिहीत बसायची मला खोड आहे. कुणी हसावं इतके छोटे! एक फायलींची नावं बदलतो, एक शब्द मोजतो. ‘ऊठ’ हा त्यांतलाच. बाबा संगणकावर पत्ते खेळत तासन्‌तास बसायचे आणि मग कंबर धरून ओरडायचे, म्हणून लिहिला होता. दर पाऊण तासानं माझ्या आवाजातलं एक वाक्य वाजायचं. पुढे तो बिननावानं इंटरनेटवर फुकट ठेवून दिला. एकेचाळीस जणांनी उतरवून घेतला होता. त्यांतला एक माझ्यापासून वीतभर अंतरावर बसला होता.

“मामांना कानाचं यंत्र बसवायला आलोय,” तो म्हणाला. पलीकडचे मामा पुढे वाकले आणि भाच्याच्या कानाशी कुजबुजले — म्हणजे त्यांना वाटलं, कुजबुजले —

“मुलगी छान आहे रे!”

अख्खी खोली आमच्याकडे वळली. त्यानं कपाळाला हात लावला. मला हसू आवरेना, आणि हसायलाही बंदी होती. शेवटी मी त्याचा लॅपटॉप स्वतःकडे ओढला, टर्मिनलची, संगणकवाले थेट हुकूम लिहितात ती काळी खिडकी उघडली आणि लिहिलं, ‘बोलायची बंदी आहे. टाइप करायची नाही.’

त्यानं स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तुम्ही थेट टर्मिनल उघडलंत?” तो हळूच म्हणाला. “आता मला भीती वाटायला लागलीय.”

‘काय करता?’

“भाषांतर. घरगुती यंत्रांबरोबर येतात ना त्या माहितीपुस्तिका... ‘झाकण उघडे असताना यंत्र चालू करू नये.’ ते अजरामर वाक्य माझं आहे.”

मी एका धुलाई यंत्राच्या कंपनीत मदतीच्या फोनवर बसायचे. रोज सत्तर लोकांना सांगायचे, अहो, आधी झाकण लावा. त्यातच स्वरतंतूंवर मोहरीएवढी गाठ आली होती. मी टाइप केलं, ‘तुमची पुस्तिका कुणी वाचत नाही, म्हणून माझा घसा बसला.’

तो इतका मोठ्यानं हसला की ते मामांनाही ऐकू गेलं.

निघताना आम्ही एकमेकांचे फोन नंबर घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून वाचनालयात भेटू लागलो. तिथे सगळेच गप्प, त्यामुळे माझं मौन उठून दिसत नव्हतं. खिडकीजवळचं एक टेबल, एक लॅपटॉप, दोघांत एक कीबोर्ड. बाहेर पावसाची बारीक भुरभुर, काचेवरून ओघळणारे थेंब, आणि आमच्या बोटांची टकटक. त्याच्या पुस्तिकांमध्ये एकच शब्द चार तऱ्हांनी लिहिलेला असायचा. ते शोधून देणारा चौदा ओळींचा प्रोग्राम मी त्याच्यासमोर लिहिला. तो चालला तेव्हा त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी रिकाम्या मुठीतून पाखरू काढलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्यानं ‘तुम्ही’ टाइप केलं, खोडलं, आणि ‘तू’ लिहिलं. मी कीबोर्डवरचा हात बाजूला घेतला नाही.

दर पाऊण तासानं, त्याच्या कानातल्या इयरफोनमधून, मी त्याला उठवत होते. तो खरंच उठायचा, पाणी प्यायचा, परत यायचा. एकदा त्यानं टाइप केलं, ‘कशी असेल गं ही?’

‘पन्नाशीची. जाड चष्मा. घरात चार मांजरं.’

‘छे! पाणी पी म्हणताना ती किंचित हसते. नीट ऐकलं तरच कळतं.’

माझी बोटं थबकली. रेकॉर्डिंग करताना बाबा समोरून वेडीवाकडी तोंडं करत होते, म्हणून हसू फुटलं होतं. आमच्या घरातही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं ते!

तेव्हाच सांगायला हवं होतं. आधी गंमत वाटत होती म्हणून नाही सांगितलं. मग भीती वाटू लागली म्हणून. त्याला नेमकं कोण आवडत होतं — मी, की ती?

पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी आरशातून घसा पाहिला आणि मान हलवली. “गाठ तशीच आहे. काढावी लागेल. आवाज येईल परत, पण अगदी पहिल्यासारखाच येईल असं वचन देत नाही.”

मी तडक वाचनालय गाठलं. उभ्यानंच टाइप केलं, ‘पाणी पी म्हणताना हसते, ती मी. परवा ऑपरेशन आहे. तो आवाज पुन्हा येईलच असं नाही. आता तरी तुला माहीत असायला हवं.’

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं.

“पंधरा दिवस,” तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, “मी तुझ्याचसमोर तुझं कौतुक करत बसलो... आणि तू मजा बघत होतीस?”

मी जोरजोरात मान हलवली. पण ‘नाही’ म्हणायला आवाज हवा होता. तोवर लॅपटॉप मिटून तो निघूनही गेला होता.

ऑपरेशन झालं. पुन्हा आठवडाभर मौन. आई उशाशी बसून म्हणायची, “फोनकडे बघून घसा बरा होत नसतो, बाई.”

पाचव्या दिवशी एक मेल आला. माझ्या नावावर नाही, ‘ऊठ’च्या तक्रारींसाठी ठेवलेल्या पत्त्यावर.

‘महोदया, आपला प्रोग्राम मी आज काढून टाकला. त्यात दोष काहीच नाही, दोष माझा. मी रागावलो नव्हतो, लाजलो होतो. पुरुष लाजले की फार वेड्यासारखे वागतात. मी एका मुलीच्या शेजारी पंधरा दिवस बसलो आणि तिचा आवाज ऐकल्याशिवाय तिच्यात पुरता अडकलो. आता तिचा जो आवाज येईल, तो मला कोऱ्या कानांनी ऐकायचाय. जुना आवाज शेजारी ठेवून तोलून बघायचा नाहीये. — एक वापरकर्ता.’

मी तो मेल किती वेळा वाचला ते सांगत नाही.

आठव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “बोला.”

“आई...” मी म्हणाले. जाड, थोडा खरखरीत, कुणा दुसरीचाच आवाज आला. आईनं पदर डोळ्यांना लावला. “राहू दे. जरा घोगरा आहे, पण आपलाच आहे.”

आई औषधं घ्यायला गेली. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मुद्दाम आईच्या फोनवरून त्याला फोन लावला. “हॅलो...”

“कोण बोलतंय?” दबका आवाज. वाचनालयात असणार.

ज्यानं माझं चिमूटभर हसू ओळखलं होतं, त्याला मी ओळखू आले नव्हते. फोन ठेवून द्यावासा वाटला...

“मी,” म्हणाले.

“तू? तू बोलतेयस?”

“कसा वाटतो? खरं सांग.”

“अनोळखी,” तो म्हणाला. “एकदम अनोळखी. अजून बोल ना.”



“दिवसाला दहाच मिनिटं बोलायला सांगितलंय. म्हणून आडवळण नको. मला तू आवडतोस. तू निघून गेलास तेव्हा मला ओरडून सांगायचं होतं, आणि आवाजच नव्हता...”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा करकर आवाज, आणि मामांनाही यंत्राशिवाय ऐकू जाईल अशी आरोळी —

“मलाही! मलाही तू आवडतेस!”

पाठोपाठ एका बाईंचा संतापलेला आवाज: “अहो, वाचनालय आहे हे! बाहेर जा आधी!”

“जातो, जातो... कुठे आहेस तू?”

“दवाखान्याच्या पायऱ्यांवर.”

“तिथेच थांब. आणि कुणाशी एक अक्षर बोलू नकोस,” तो धापा टाकत म्हणाला. तो पळत निघाला होता. “उरलेली आठ मिनिटं माझी!”