मिस व्हर्डींचं झाकण

ते पत्र घड्याळामागे खोचलेलं होतं. आजी गेली त्या आठवड्यात ते आलं होतं आणि अजून त्याला उत्तर गेलं नव्हतं. आजोबा घड्याळाला चावी द्यायला उठायचे, पाकिटाची कड बोटाला लागायची, की ते हात मागे घ्यायचे.

"आजोबा, मिस व्हर्डी दोन गल्ल्या पलीकडे तर राहतात!" ल्यूडी म्हणाली. "उत्तर लिहायला काय होतं?"

"आधी भांडं, मग पत्र," ऑरिन आजोबा म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत बसले.

अलाबामातल्या हॅझलबेंड गावात कुणी वारलं, की घरोघरून जेवण येतं. प्रत्येक भांड्याच्या बुडाला नावाची चिकटपट्टी असते. दुःखाचे दिवस सरले की ज्याचं भांडं त्याला परत करायचं, आणि तेही रिकामं नाही. आजी गेली तेव्हा मिस व्हर्डींनी कोंबडीचा रस्सा पाठवला होता, कणकेचे मऊ गोळे घालून. बाकीची भांडी आपापल्या घरी गेली. मिस व्हर्डींचं मात्र सापडेना. त्यांचं पत्र तर साधंच होतं : कधीतरी संध्याकाळी जेवायला या. पण ज्या बाईचं भांडं आपण हरवलं, तिच्या टेबलाशी कुठल्या तोंडाने बसायचं?

दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं ल्यूडीला आजी गेल्यापासून आतून वाटत होतं. ती रडली नव्हती. सुट्टी लागली त्याचा आनंदही झाला नव्हता.

"चल ना गं!" दारातून टकर ओरडला. टकर तिचा मामेभाऊ, वय वर्षं दहा. त्याच्यामागे सायकलवर एक पाय टेकून शेजारची नेटी उभी होती. "डॅडींचा लिलाव सुरू होतोय! आजोबा, तुम्ही पण चला. नाहीतर डॅडी मला पुन्हा पाठवतील!"

आजोबांचं जुन्या वस्तूंचं दुकान आता क्लेटनमामा चालवत होता. मागच्या गोठ्यात, पंख्यांच्या घरघरीत, माणसं दाटीवाटीने बसली होती. आजोबा शेवटच्या बाकावर बसले आणि स्वतःच्या बुटांकडे बघू लागले. हल्ली ते कुठल्याच वस्तूकडे बघत नसत.

मांडलेल्या सामानापुढून जाताना ल्यूडी थबकली.

दुधी रंगाचं खोल भांडं. दोन्ही बाजूंना कान म्हणून बदकांची डोकी. त्यातल्या एकाची चोच तुटलेली!

आजी गेली तेव्हा हेच भांडं टेबलावर होतं आणि तिला घास गिळवत नव्हता. लोक बोलत होते, आणि ती नुसती त्या तुटक्या चोचीकडे बघत बसली होती.

"मामा, हे मिस व्हर्डींचं आहे."

"काहीतरीच!" क्लेटनमामा हसला. "माझ्या आईच्या कपाटात होतं. मी स्वतः घासूनपुसून काढलंय. खाली नाव आहे का कुणाचं? बघ!"

"घासलंस म्हणजे पट्टी गेली असेल."

"ल्यूडी, राणी, बर्मिंगहॅमहून त्या हॅटवाल्या बाई खास याच्यासाठी आल्यात. जा, लिंबूसरबत पी जा!"

तिघं गवताच्या गंजीमागे जमली.

"आता पुरावा कुठून आणायचा?" नेटी म्हणाली.

"याला झाकण नाहीये," टकर म्हणाला. "असल्या भांड्याला झाकण असतंच."

ल्यूडी त्याच्याकडे बघतच राहिली. "बायका झाकण पाठवतच नाहीत! हरवतं म्हणून घरी ठेवतात, वरून कागद लावतात! टकर, तू शहाणा आहेस!"

"हे माझ्या शाळेत येऊन सांग!"

"झाकण मिस व्हर्डींकडे असणार. दोघं पळा! मी मामाला थोपवते."

"कशी?"

"तो प्रत्येक वस्तूची गोष्ट रचून सांगतो ना? त्याला सांगू देते."

सायकली धूळ उडवत निघाल्या. इकडे मामाने भांडं उंच धरलं. "मंडळी! हे भांडं एका आगबोटीच्या कप्तानाचं!" हॅटवाल्या बाईंचा हात वर गेला. हातोडाही वर गेला.

"मामा, कप्तानाचं नाव काय होतं?" ल्यूडीने विचारलं.

मामा अडखळला. पण गोष्ट म्हटली की त्याला राहवत नसे. "कप्तान... बार्थोलोम्यू!"

"त्याचं लग्न झालं होतं?"

"तीनदा!"

लोक हसले. ल्यूडी हसली नाही. धडा वाचावा तशा सपाट आवाजात ती विचारत राहिली. बोट कुठे बुडाली? भांडं कसं वाचलं? चोच कशाने तुटली?

"मगरीने!" मामा गर्जला. "मगरीने पकडलं होतं हे, मंडळी!"

"मगरीने नाही, माझ्या भावाने!" दारातून आवाज आला. "क्रोके खेळताना त्याची लाकडी मोगरी लागली होती!"

मिस व्हर्डी! केस कुरळे करायच्या सुरळ्या डोक्यावर तशाच, कमरेला एप्रन, आणि दोन्ही हातांत दुधी झाकण. वर एक बदक ऐटीत बसलेलं. मागे टकर आणि नेटी धापा टाकत होती.

त्यांनी झाकण भांड्यावर ठेवलं. टक्! ते असं चपखल बसलं, की हॅटवाल्या बाईंनी स्वतःहून हात खाली घेतला.

"तीन बायकांचा कप्तान!" पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं आणि गोठा हसण्याने दणाणला. मामाचे कान लालबुंद झाले. "चुकलं, मॅडम. पट्टी बघायला हवी होती मी."

मिस व्हर्डी शेवटच्या बाकाकडे गेल्या. आजोबा उभे राहिले होते.

"ऑरिन, भांड्यापायी गप्प होतास? मला वाटलं, तुला माझी सोबत नकोय!"

"व्हर्डी, मी... येईन म्हणतो..."

"अंहं! तोंडी नाही चालायचं. मी पत्र लिहिलं होतं. मला पत्रच हवं." त्यांनी केसांतली एक सुरळी चाचपली आणि त्या एकदम लाजल्या. "अरे देवा! मी अशीच आले की काय?"

"छान दिसतेयस," आजोबा म्हणाले. मग मुलांकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही तिघं! अख्ख्या गावाला जे दिसलं नाही, ते तुम्हाला दिसलं. शाबास!"

"झाकणाची कल्पना माझी होती!" टकरने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात पीचची सालं पडली. आजीच्या पद्धतीने ल्यूडी फोडींवर कणकेचं आवरण घालत होती. मिस व्हर्डींचं भांडं आजोबांनी मुद्दाम घरी आणलं होतं; ते रिकामं परत जाणार नव्हतं. मधेच तिला आजीचे पीठ लागलेले हात आठवले, आणि टपकन काहीतरी मनगटावर पडलं. इंजेक्शनचा जोर ओसरताना गालाला मुंग्या येतात, तसं झालं. दुखलं. तिने ते पुसलं नाही.

टेबलापाशी आजोबांनी तीन कागद चुरगाळले होते. चौथ्यावर एवढंच लिहिलं : "येतो. गोड मी आणतो. ऑरिन."

"एवढंच?" ल्यूडी म्हणाली.

"जास्त झालं का?" आजोबांनी काळजीने विचारलं.

दोघं कोपऱ्यावरच्या निळ्या टपालपेटीपर्यंत चालत गेली. पेटीच्या तोंडाशी आजोबांचा हात थांबला. ल्यूडीने त्यांच्या कोपराला हळूच ढकललं. पाकीट आत पडल्याचा आवाज दोघांनीही नीट ऐकला.